एक प्रिंटर अन् दहा हात : सेवा केंद्रातल्या मशीनवर प्रिंट कुणी मारायची, हे ठरवायचं कसं?

मुदखेड : पीकविम्याचे दिवस असोत, अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी असो की शेतकरी ओळखपत्राची नोंदणी, तालुक्यातल्या कोणत्याही ऑनलाइन सेंटरवर चित्र सारखंच असतं. टेबलावर दोन-तीन कॉम्प्युटर, कोपऱ्यात एकच प्रिंटर आणि त्याच्याभोवती दहा-पंधरा माणसं. मशीनमधून कागद बाहेर पडला की जो जवळ उभा असेल तो उचलतो, वाचतो आणि विचारतो, ‘हे कुणाचं हाय?’ तोवर आधार क्रमांक, मोबाईल नंबर आणि बँकेचं खातं चार जणांच्या डोळ्याखालून गेलेलं असतं.

बारड, मुगटसारख्या मोठ्या गावांत अशी दोन-चार सेंटरं असतात. लहान गावात ग्रामपंचायतीतलं आपले सरकार सेवा केंद्र तेवढं असतं. २०११ मध्ये ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ केंद्रं सुरू झाली, पुढं त्यांच्या जागी आपले सरकार सेवा केंद्रं आली. दाखले, उतारे, फॉर्म सगळं ऑनलाइन झालं, पण शेवटी माणसाच्या हातात कागदच द्यावा लागतो. त्यामुळं प्रिंटर काही सुटला नाही. कॉम्प्युटर वाढले, वायफाय आलं आणि पूर्वी एका वायरीला बांधलेला प्रिंटर आता सगळ्यांसाठी खुला झाला. ऑपरेटर, त्याचा मदतनीस, ग्रामपंचायतीतला लिपिक, शेजारच्या दुकानातला मित्र आणि वायफायचा पासवर्ड माहीत असलेली गावातली पोरं, सगळे त्याच मशीनवर प्रिंट मारू शकतात. आपण कुणाला परवानगी दिली, हे बहुतेक सेंटरचालकांनी कधी ठरवलेलंच नसतं. मशीन बसवणारा आला, वायफायला जोडून गेला, झालं.

सातबारा उघडाच आहे, धोका दुसरीकडं

सातबारा कुणी पाहिला म्हणून फार बिघडत नाही. तो भूलेखच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत कुणीही काढू शकतो. अडचण असते ती एकत्र आलेल्या कागदांची. विम्याच्या किंवा कर्जाच्या फाईलीत आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, मोबाईल नंबर आणि कधीकधी अंगठा उमटवलेलं संमतिपत्र असं सगळं एका जागी असतं. ते स्कॅन होतं, प्रिंटरला जातं आणि एक खराब प्रत टेबलाखालच्या खोक्यात पडते.

अंगठ्याच्या ठशाचं महत्त्व शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये दिसलं. पेद्दपल्ली जिल्ह्यातल्या एका सिमकार्ड विक्रेत्यानं जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे मिळवले, त्यांचे रबरी अंगठे बनवले आणि लोकांच्या आधारवर सिमकार्डं चालू केली. ते ठसे त्याला सरकारी संकेतस्थळावरच्या दस्तांतून मिळाले होते. पेद्दपल्ली काही आपल्यापासून फार लांब नाही. गावात अंगठा लावून पैसे काढायची सोयही आता झाली आहे. तिथं आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट एवढं असलं की काम होतं. म्हणून अंगठ्याचा स्पष्ट ठसा आणि आधार क्रमांक असलेला कागद म्हणजे नुसती रद्दी नव्हे.

दुसरी अडचण साधी आहे, पण ती रोज होते. अदलाबदल. अनुदानाच्या यादीतला विशिष्ट क्रमांक, ज्याला लोक व्हीके नंबर म्हणतात, तो घेऊन माणूस केंद्रावर जातो, आधार प्रमाणीकरण करतो आणि पावती घेऊन निघतो. एकाच आडनावाचे, कधी नावानंही एक असलेले दोघं जण रांगेत असले आणि तीन कॉम्प्युटरवरून एकाच मशीनवर कागद येत असले, तर एकाची पावती दुसऱ्याच्या पिशवीत जाते. घरी गेल्यावर कळतं, नाहीतर बँकेत. पुन्हा गाडीभाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

सामाईक विहिरीसारखंच समजा

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. सामाईक विहीर असली की पाणी कुणी घ्यायचं, पाळी कुणाची आणि स्टार्टरची पेटी कोण उघडणार, या तीन वेगळ्या गोष्टी असतात. पाण्याचा हक्क चौघांना असला तरी दुसऱ्याची पाळी मोडायचा हक्क चौघांना नसतो आणि स्टार्टरची किल्ली तर एकाकडंच असते.

विंडोज कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या बाबतीत हेच तीन हक्क वेगवेगळे ठेवलेले आहेत. पहिला ‘प्रिंट’, म्हणजे पाणी घेणं. दुसरा ‘मॅनेज डॉक्युमेंट्स’, म्हणजे रांगेतली दुसऱ्याची प्रिंट थांबवणं, पुढं-मागं करणं, रद्द करणं. तिसरा ‘मॅनेज धिस प्रिंटर’, म्हणजे सेटिंग बदलणं, प्रिंटर शेअर करणं किंवा बंद करणं. अडचण अशी, की प्रिंटर शेअर केला की विंडोज बहुधा ‘एव्हरीवन’ म्हणजे सगळ्यांना प्रिंटचा हक्क देऊन मोकळं होतं. विहीर बांधली आणि कडेला ‘या, पाणी न्या’ अशी पाटी लावली, तसं झालं हे.

पाटी काढायची रीत अशी. प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला जोडला आहे त्यावर सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडायचं, आपला प्रिंटर निवडायचा आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’वर जायचं. नुसतं ‘प्रॉपर्टीज’ किंवा ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे. तिथं कागदाचा आकार आणि रंग एवढंच भेटतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये वरच्या बाजूला ‘सिक्युरिटी’ नावाचा भाग असतो. त्यात नावांची यादी दिसते. तिथून ‘एव्हरीवन’ काढायचं आणि ‘ॲड’ दाबून ज्यांना खरोखर हक्क द्यायचा आहे त्यांची नावं टाकून ‘प्रिंट’समोर ‘अलाऊ’ला टिक करायची. यादीत ‘क्रिएटर ओनर’ असं एक नाव असतं, त्याला हात लावू नये. त्याच्यामुळं ज्यानं प्रिंट पाठवली त्याला स्वतःची प्रिंट रद्द करता येते. ‘ॲप्लिकेशन पॅकेजेस’ असं लांबलचक नाव दिसेल, तेही राहू द्यावं.

इथं एक चूक लोक हमखास करतात. एव्हरीवन काढून टाकण्याऐवजी त्याच्यासमोर ‘डिनाय’ची टिक मारतात. डिनाय हे अलाऊच्या वरचढ असतं आणि एव्हरीवनमध्ये मालक स्वतःही येतो. टिक मारली की स्वतःचीच प्रिंट निघत नाही, मग कार्ट्रिज गेलं म्हणून नांदेडची फेरी होते. डिनाय शक्यतो वापरूच नये. ज्याला हक्क द्यायचा नाही त्याचं नाव यादीत नसलं की पुरे.

पण नावं टाकायची तर आधी नावं असायला पाहिजेत. बहुतेक सेंटरांत तिन्ही कॉम्प्युटर एकाच नावानं, तेही पासवर्ड न ठेवता चालू असतात. मग कोण कोण आहे हे मशीनला कळणार कसं? ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडला आहे त्यावर प्रत्येक ऑपरेटरचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड करावा लागतो. तेच नाव आणि तोच पासवर्ड त्या ऑपरेटरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवला, की त्याला दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. सोबत नेटवर्कच्या शेअरिंग सेटिंगमध्ये ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू पाहिजे. शेअरिंग चालत नाही म्हणून यूट्यूबवर बघून हेच बंद करायची सवय पुष्कळांना आहे. ते बंद असलं की वरची सगळी मेहनत वाया गेली.

स्टार्टरला कुलूप आणि खाली पाईप फोडलेला

एवढं करून चालक निश्चिंत होतो आणि तिथंच फसतो. विहिरीच्या स्टार्टरला कुलूप घातलं, पण कुणी खाली पाईपलाच टी बसवून पाणी वळवलं, तर कुलूप काय कामाचं? वायफायवाल्या प्रिंटरचं अगदी हेच असतं. कॉम्प्युटरमधल्या परवानग्या फक्त त्या कॉम्प्युटरमधून जाणाऱ्या प्रिंटला लागू होतात. प्रिंटर स्वतः वायफायवर असला तर त्याच वायफायवरचा कुठलाही मोबाईल थेट प्रिंटरशी बोलतो, मधला कॉम्प्युटर त्याला लागतच नाही. मोबाईलच्या ‘प्रिंट’ बटणावर दाबलं की प्रिंटरचं नाव आपोआप दिसतं ते यामुळंच.

शिवाय पुष्कळ प्रिंटर स्वतःचं वेगळं वायफायही सोडतात. मोबाईलच्या वायफाय यादीत ‘डायरेक्ट’ शब्दानं सुरू होणारं प्रिंटरच्या कंपनीचं नाव दिसलं तर ते हेच. त्याचा मूळ पासवर्ड कित्येक मॉडेलमध्ये १ ते ८ आकडे ओळीनं, असा असतो. गावच्या वायफायचा पासवर्ड महिन्याला बदलला तरी हा दरवाजा उघडाच राहतो. कुणी कधी पाहतच नाही तिकडं.

लहान सेंटरसाठी यावर सगळ्यात सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे प्रिंटरचं वायफाय बंद करून टाकणं आणि त्याला यूएसबी वायरीनं एकाच कॉम्प्युटरला जोडणं. मग पाणी एकाच स्टार्टरमधून जातं. तोटा एवढाच, की तो कॉम्प्युटर चालू असेल तरच बाकीच्यांना प्रिंट काढता येते. लाईट गेली की तो कॉम्प्युटर यूपीएसवर चालेल, पण लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर टाकू नये. तो तापताना एकदम इतकी वीज ओढतो, की यूपीएसच बसतो. म्हणजे लाईट नसताना तसंही काम थांबणारच आहे, मग वायफायचा हट्ट कशाला?

वायफाय किंवा लॅन वायर ठेवावीच लागत असेल, जसं ग्रामपंचायतीत दोन खोल्यांत मशीन वापरतात, तिथं प्रिंटरच्या आतल्या सेटिंगला हात घालावा लागतो. प्रिंटरच्या स्क्रीनवरून किंवा त्याचं सेटिंगचं पान छापून त्याचा आयपी पत्ता मिळतो. तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं. बऱ्याच मशीनचा ॲडमिन पासवर्ड कोराच असतो किंवा मशीनच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो आधी बदलायचा, नाहीतर पुढचं सगळं कुणीही उलटं करू शकतो. त्याच पानावर वायफाय डायरेक्ट बंद करता येतं. कार्यालयीन मॉडेलमध्ये ‘ॲक्सेस कंट्रोल’ किंवा ‘आयपी फिल्टर’ असा एक भाग असतो. त्यात परवानगी असलेल्या कॉम्प्युटरचे पत्तेच टाकले, की बाकी कुणाचं मशीन ऐकत नाही. पण आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता सगळ्यात आधी टाकावा. तो विसरून सेव्ह दाबलं की आपणच बाहेर आणि मशीन मुळापासून रिसेट करण्याशिवाय गत्यंतर नाही. राऊटरमध्ये त्या कॉम्प्युटरचे पत्ते पक्के करून ठेवायलाही विसरू नये, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सकाळी सकाळी प्रिंट बंद. घरगुती स्वस्तातल्या इंकटँक मशीनमध्ये हा फिल्टर बहुधा भेटत नाही. त्यांच्यासाठी यूएसबीच बरी. आणि गावातल्या पोरांना वायफाय द्यायचंच असेल तर राऊटरमधलं ‘गेस्ट’ नेटवर्क द्यावं, म्हणजे ती कामाच्या मशीनपर्यंत पोचत नाहीत.

हे सगळं गावच्या सेंटरला जास्तीचं वाटेल. पण प्रिंटर हाही एक कॉम्प्युटरच आहे, हे जगानं पैसे मोजून शिकलेलं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत परदेशी व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा प्रिंटर बंद पडला. सुट्टीचा वार होता, कर्मचाऱ्यांना नेहमीचा बिघाड वाटला. चोरांनी तो मुद्दाम बंद पाडला होता. बँकेच्या नावानं पैसे पाठवायचे खोटे संदेश गेले होते आणि त्यांचा कागद बाहेर पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. सुमारे ९५ कोटी डॉलरवर डोळा होता, ८ कोटी १० लाख डॉलर हातचे गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये जगभरातल्या सुमारे ५० हजार प्रिंटरांमधून एका यूट्यूबरची जाहिरात आपोआप छापून आली. कुणीतरी गंमत म्हणून केलेलं काम होतं ते, पण ते प्रिंटर थेट इंटरनेटला उघडे होते म्हणूनच जमलं.

कुणी किती छापलं?

परवानगीचा दुसरा फायदा हिशेबाचा. सेंटरात कागदाची रीम लवकर संपली की बोट मदतनीसाकडं जातं. परीक्षेच्या दिवसांत पोरांच्या नोट्स निघतात, कुणाच्या लग्नाचं काहीतरी छापतं आणि महिनाअखेर वाद होतो. प्रत्येकाचं खातं वेगळं असलं की विंडोज स्वतः हिशेब ठेवू शकतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग ‘प्रिंटसर्व्हिस’ आणि त्यात ‘ऑपरेशनल’ इथवर जायचं. हे खातेवही मुळात बंद असते. उजव्या क्लिकनं ‘एनेबल लॉग’ करायचं. त्यानंतर प्रत्येक प्रिंटची ३०७ क्रमांकाची नोंद होते : कोणत्या खात्यावरून, कधी, किती पानं. शंका घेऊन माणूस घालवण्यापेक्षा ही नोंद पाहिलेली बरी. निर्दोष माणूसही त्यातून सुटतो.

मोठ्या मशीनमध्ये ‘सिक्युअर प्रिंट’ किंवा पिन प्रिंटची सोय असते. प्रिंट पाठवताना चार आकडी पिन टाकायची. मशीनपाशी जाऊन तीच पिन दाबली तरच कागद बाहेर येतो. तहसील, बँक, शाळेचं कार्यालय अशा ठिकाणी तिचा उपयोग आहे. गर्दीच्या सेंटरात ऑपरेटर मशीनशेजारीच बसला आणि प्रिंटरचं तोंड गिऱ्हाइकांच्या उलट्या बाजूला फिरवलं तरी निम्मं काम होतं. त्याला तर काहीच खर्च नाही.

कागद निघाला तरी मागं काय उरतं?

लोक आधारची फाईल सेंटरवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतात, तो ती कॉम्प्युटरवर उतरवतो, छापतो आणि फाईल डाऊनलोडमध्येच पडून राहते. स्कॅन केलेल्या कागदांचं फोल्डर तर बहुतेक ठिकाणी सगळ्यांना शेअर असतं. प्रिंटरला कुलूप लावलं आणि हे फोल्डर उघडं ठेवलं, असं नको. प्रिंटरच्याच ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ अशी टिक असते. ती असली तर छापलेली प्रत रांगेतच साठून राहते आणि पुन्हा छापता येते. ती टिक काढलेली असावी. ई-आधारच्या फाईलीला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष असा असतो. एकदा उघडून छापायला दिली की त्या पासवर्डाचं संरक्षण तिथंच संपतं.

जुनी झेरॉक्स मशीन विकत घेणारे-विकणारेही यात येतात. तालुक्याच्या ठिकाणी मोठी मशीन सहसा सेकंडहँडच येते. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीनं २०१० मध्ये चार जुन्या कॉपी मशीन विकत घेऊन त्यांच्या आतल्या हार्डडिस्क तपासल्या होत्या. त्यात एका शहराच्या पोलिसांचे कागद आणि लोकांच्या आजारपणाच्या नोंदी सापडल्या. मशीन विकण्याआधी मेनूतून आतला साठा पुसून टाकावा किंवा मेकॅनिककडून हार्डडिस्क काढून घ्यावी.

खराब प्रिंटांचं काय? त्या उलट्या बाजूनं वापरायची काटकसर सगळीकडं आहे आणि उरलेली रद्दी किराणा दुकानात जाते. फुटाण्याच्या पुड्यावर कुणाचा तरी आधार क्रमांक असला तर कुणाला दोष द्यायचा? आधार, पासबुक किंवा अंगठा असलेला कागद ज्याचा त्याला द्यावा किंवा त्याच्यासमोर फाडावा.

कायद्याची बाजूही आता घट्ट होत आहे. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा गावच्या सेंटरसाठी नाही, मोठ्या कंपन्यांकडं बघून ठेवलेला आहे, पण गिऱ्हाइकाची माहिती नीट सांभाळायची जबाबदारी लहानालाही सुटत नाही.

गिऱ्हाइकानंही थोडं बघावं. जिथं चालतं तिथं ‘मास्क्ड’ आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. केवायसीच्या वेळी तात्पुरतं उघडायचं, मग पुन्हा बंद. प्रिंट निघताना मशीनपाशी उभं राहावं, पानं मोजून घ्यावीत आणि पाठवलेली फाईल डिलीट करायला सांगावं. चांगला चालक याचा राग धरत नाही. खात्यातून न काढलेले पैसे गेल्याचा मेसेज आला तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावं.

सेंटरचालकांसाठी शेवटचं एक काम, जे हमखास राहून जातं. मदतनीस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायचं, वायफायचा आणि प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड बदलायचा. भांडण झालेलं नसलं तरी. दुकानाची किल्ली परत घेतो, तशीच हीही घ्यायची.